लेकीकडचा रोडगा

किसनरावांनी आलुबोंडा मधोमध मोडला आणि रस्त्यापलीकडच्या फाटकाकडे पाठ करून खायला सुरुवात केली. नत्थुजींच्या टपरीपुढचं बाकडं एका पायानं लंगडं होतं, त्यामुळे खाता खाता तोलही सांभाळावा लागत होता. बोंडा सकाळी कधीतरी तळलेला, गार, आणि तेलकट तर इतका की खालच्या वर्तमानपत्राच्या तुकड्यातून पलीकडचं दिसावं. पण किसनरावांच्या पोटात सकाळी सहाच्या चहानंतर काही गेलं नव्हतं आणि आता दुपारचा एक वाजून गेला होता.

वारा तलावाकडून येत होता. येता येता तो फाटकाच्या आतलं सगळं गोळा करून आणत होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजणाऱ्या रोडग्यांचा वास, वांग्याच्या भाजीची फोडणी, लसणाचा ठेचा. फाटकाकडे पाठ केली म्हणून नाकाला थोडीच पाठ करता येते? किसनरावांनी दुसरा घास घाईघाईनं तोंडात कोंबला.

टपरीवाले नत्थुजी साठीच्या पुढचे, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेले. या नव्या गिऱ्हाइकाकडे ते मघापासून टकामका बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"पाहुणे, तुमी त्या पांढऱ्या गाडीतून उतरले ना? मंजुषाताईकडं आले ते?"

किसनरावांनी मान हलवली.

"मंग आत जा ना. रोडगे निघून राहिले तिकडं. तिच्या हातची वांग्याची भाजी खायले लोक अमरावतीवरून येतात, अन् तुमी माहा गार आलुबोंडा खाऊन राहिले."

"मी बाप हाये तिचा," किसनराव म्हणाले.

नत्थुजींच्या हातातला झारा थांबला. त्यांच्याही दोन लेकी दिल्या घरी नांदत होत्या. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी नुसतं "असं, असं" केलं, कढईतली भजी उलटवली आणि मग आवाज खाली आणून विचारलं, नातू-नात काही?

"अजून नाई," किसनराव म्हणाले.

हे 'अजून' ते अकरा वर्षं वापरत होते. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, असा त्यांच्या घरचा नेम. का म्हणून, ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. किसनरावांच्या वडिलांनी तो पाळला होता. मोठी बहीण धामणगाव रेल्वेला दिलेली. तिच्याकडे गेले की वडील तडक स्टेशनावर जाऊन चहा पीत आणि बहीण रुसून बसे. तिसऱ्या वर्षी तिला मुलगा झाला तेव्हा वडिलांनी तिच्या घरी एका बैठकीत सात पुरणपोळ्या खाल्ल्या आणि दोन दिवस पोट धरून तिथंच झोपले. घरात अजून ती गोष्ट हसत हसत सांगतात.

मंजुषाच्या लग्नानंतरची पहिली तीन-चार वर्षं अशीच मजेत गेली. बाबा येणार म्हटलं की ती मुद्दाम पुरण शिजवायची, वास घ्यायला लावायची, वर म्हणायची की घ्या हो, कोणाला सांगत नाही. जावई भगवंतही चिडवायचा. मग दवाखाने सुरू झाले. आधी परतवाडा, मग अमरावती, मग नागपूर. पाचव्या-सहाव्या वर्षी चिडवणं बंद पडलं. कधी बंद पडलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. जमुनेनं, किसनरावांच्या बायकोनं, नेम केव्हाच मोडला होता. एका ऑपरेशननंतर मंजुषा पंधरा दिवस अंथरुणाला खिळली, तेव्हा आई जाऊन राहिली, रांधलं आणि खाल्लं. बाईमाणसाला असले नेम पाळायला सवड कुठे असते?

किसनरावांनी मात्र तो सोडला नाही. हट्टी म्हणून सोडला नाही असं लोक म्हणत, आणि हट्टी ते होतेच. वांग्याच्या वाफ्यात पाणी कोणत्या बाजूनं सोडायचं यावर ते पोराशी आठ-आठ दिवस अबोला धरत. पण इथं गोष्ट हट्टाची नव्हती. त्यांच्या मनात एक भीती बसली होती, आणि ती त्यांनी जमुनेलाही कधी बोलून दाखवली नव्हती. ज्या दिवशी मी तिच्या घरचा घास तोंडात घालीन, त्या दिवशी सगळ्यांदेखत सांगितल्यासारखं होईल, की आता हिला काही होत नाही. बापानंच आशा सोडली, तर पोरीनं कोणाच्या तोंडाकडे बघायचं? म्हणून ते उपाशी राहत. एवढंच त्यांच्या हातात होतं.

आज आकांक्षाचा आठवा वाढदिवस. पोराच्या, किशोरच्या या लेकीनं महिनाभर टुमणं लावलं होतं की केक नको, फ्रॉक नको, आत्याच्या तलावावर जायचं आणि बदकाच्या नावेत बसायचं. म्हणून मोझरीजवळच्या गावाहून सकाळी सगळे निघाले. किसनराव, जमुना, किशोर, सून मोनाली आणि ती वाढदिवसवाली. मंजुषा आणि भगवंतनं दोन वर्षांपूर्वी परतवाड्यातलं भाड्याचं घर सोडून तलावाच्या काठी हे हॉटेल टाकलं होतं. मेळघाटचे डोंगर समोर, खाली पाणी, लिंबाची मोठी झाडं. दोन वर्षांत किसनराव इकडे फिरकले नव्हते. जाऊन उपाशी परत यायचं, तर कशाला जायचं, असं म्हणून टाळत आले होते.

गाडीत किशोरनंच मुद्दा काढला. तो म्हणाला, बाबा, ते काही ताईचं घर नाही, ते हॉटेल आहे. तिथं कोणीही येतं, बसतं, जेवतं. तिथं जेवलं तर लेकीकडे जेवलं असं कोण म्हणेल? मोनालीनं मागून त्याला दुजोरा दिला. किसनराव नुसते 'पाहू' म्हणाले, पण आतून त्यांना गुदगुल्या झाल्या. खरं सांगायचं तर हा विचार त्यांनी कालच करून ठेवला होता. ते खरंच नुसतं हॉटेल निघालं तर नेमही राहतो आणि लेकीच्या हातचं पोटभर खाताही येतं. अकरा वर्षांत तिच्या हातची भाजी त्यांनी चाखली ती फक्त ती माहेरी यायची तेव्हा, आणि माहेरी आलेल्या लेकीला आई चुलीपुढे बसूच देत नसे.

म्हणून गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी तपासणी सुरू केली. पुढून पाहिलं तर हॉटेलच होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलं, हात धुवायला नळांची रांग, पोरांसाठी झोके, आणि फाटकावर पाटी, की हे फॅमिलीचं ठिकाण आहे, दारू पिऊन कोणी आत येऊ नये. लिंबाच्या फांद्यांना तीन झोळ्या बांधलेल्या होत्या. एका झोळीत कोणाचं तरी तान्हं झोपलं होतं, त्याची आई पलीकडच्या टेबलावर दोन्ही हातांनी निवांत जेवत होती, आणि मंजुषा एका हातानं वाढत दुसऱ्या हातानं झोळीची दोरी ओढत होती. केवढी हौस आहे माझ्या पोरीला, असं किसनरावांच्या मनात आलं, आणि ते लगबगीनं मागच्या बाजूला गेले.

मागे मात्र सगळं बिघडलं. रंगाच्या जुन्या डब्यात तुळस होती, तिच्यापुढे सकाळची रांगोळी होती. दोरीवर मंजुषाचं हिरवं लुगडं आणि भगवंतचा टॉवेल वाळत होता. एक खोली, खोलीत खाट, भिंतीला देव. तरीही किसनरावांनी आशा सोडली नाही. त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. घरची चूल वेगळी असती तर गोष्ट वेगळी होती. पण चूल एकच होती. गिऱ्हाइकांचं वरण आणि मंजुषा-भगवंतचं वरण एकाच पातेल्यात शिजत होतं. किसनराव बराच वेळ त्या पातेल्याकडे बघत उभे राहिले, आणि मग निकाल लागल्यासारखे पुढे येऊन बसले.

मंजुषा पाण्याचे पेले घेऊन आली. आईला दिला, भावाला दिला, मोनालीला दिला, आकांक्षाला दिला, आणि बाबांच्या खुर्चीपाशी न थांबता पुढे गेली. किसनरावांनी पिशवीतून आपली बाटली काढली. दोघांनाही याची इतकी सवय झाली होती की कोणी कोणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग ताटं मांडायची वेळ झाली. भगवंतनं निखाऱ्यातून रोडगे बाहेर काढले, फडक्यानं राख झटकली. गव्हाच्या जाडसर पिठाचे मुठीएवढे गोळे, एकात एक चार पदर भरलेले. फोडले की आतून वाफ निघते. आकांक्षा टाळ्या पिटायला लागली. किसनराव उठले आणि जरा तलावाच्या पाळीवरून चक्कर मारून येतो म्हणाले. कोणी अडवलं नाही. गाडीत मांडलेला किशोरचा मुद्दा आता त्याच्याच ताटात गार होत होता; त्यानं मान वर केली नाही. आणि किसनराव पाळीवर न जाता फाटकाबाहेर आले आणि समोरच्या टपरीवर बसले. भूक ही भूक असते.

आता तिसरा घास त्यांच्या तोंडात होता, तेवढ्यात नत्थुजी म्हणाले की ताई आली बाहेर.

किसनरावांनी वळून पाहिलं. एक मोठी गाडी फाटकात अडकली होती आणि ड्रायव्हरला मागं घ्या, मागं घ्या सांगायला मंजुषा रस्त्यावर आली होती. गाडी हलली, धूळ बसली आणि मधे फक्त रस्ता उरला. तिनं बापाला पाहिलं. बापाच्या हातातला आलुबोंडा पाहिला. तिच्या दारासमोर, तिच्याच शेजाऱ्याच्या टपरीवर, तेलकट कागद मांडीवर घेऊन बसलेला बाप.

तिनं तोंड वेडंवाकडं केलं नाही. पदरानं कपाळाचा घाम पुसला, नत्थुजींना ओळखीचं हसली आणि आत गेली.

नत्थुजींनी पाण्याचा पेला पुढे केला, किसनरावांनी तो घेतला नाही. उरलेला आलुबोंडा कुत्र्यापुढे टाकून ते उठले आणि आता खरोखरच पाळीकडे चालू लागले. आपण चूक केली हे त्यांना कळत होतं. तिच्याकडे नुसतं उपाशी राहिलो असतो तर नेम दिसला असता. दुसऱ्याकडे खाल्लं, आता तो तिरस्कार दिसला असेल. साठ ओलांडलेल्या माणसाला एवढं कळू नये, म्हणून ते स्वतःवरच चिडले.

पाळीच्या दगडांवर बसून ते तलावाकडे पाहू लागले. पिवळ्या-लाल बदकांच्या नावा पाण्यावर गोल गोल फिरत होत्या. एका नावेत आई-बाप आणि मधे दोन पोरं, चौघंही एकाच वेळी पायडल मारत होती आणि नाव जागची हलत नव्हती. कोणीतरी मोठ्यानं हसत होतं. एरवी किसनरावांना हे पाहून गंमत वाटली असती.

मागून जमुना आली. जेवण अर्धं टाकून आली असावी; हाताला अजून भाजीचा रंग होता. ती उभ्यानंच बोलायला लागली, आणि तिचा आवाज चढला नव्हता म्हणूनच किसनरावांना धास्ती वाटली.

"पोरीच्या दारात बसून दुसऱ्याचा आलुबोंडा खाल्ला तुमी."

"भूक लागली होती."

"तिनं पायलं."

"मले माहीत हाये."

जमुना दगडावर टेकली. एवढ्या वर्षांच्या संसारात ती त्यांच्यावर अनेकदा रागावली होती, भांडली होती, एकदा तर चार दिवस भावाकडे जाऊन राहिली होती. पण आता ती रागावलेली दिसत नव्हती. काहीतरी सांगू की नको सांगू अशी ती चुळबुळ करत होती.

"तिनं दवाखाना सोडला," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधीच. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, आता काही होत नाई, उगा शरीराचे हाल नका करू. मंग दोघांनी ठरवलं, पुरे. मले सांगतलं तिनं. तुमाले नाई सांगतलं."

"काहून?"

"म्हने, बाबा जेवत नाईत तोवर त्यांच्या मनात आस हाये. ती मी कशाले मोडू?"

किसनरावांना दिवाळी आठवली. दिवाळीत मंजुषा माहेरी आली होती आणि जमुनेनं पहिल्या वर्षीच शिवून ठेवलेली बाळाची दुपटी तिनं पेटीतून काढून मोनालीच्या बहिणीला देऊन टाकली होती. घड्या घालून, वरून हात फिरवून दिली होती. किसनराव तेव्हा ओट्यावर बसून पाहत होते, आणि पोरीचा हात किती मोकळा आहे म्हणून त्यांना बरंच वाटलं होतं. आता त्यांना लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. जमुनेपुढे काय लपवायचं?

"लय रडली का?"

"एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी उठून त्या झोळ्या बांधल्या. मले वाटलं, हे काय भलतंच. तं म्हने, आई, लेकुरवाळ्या बाया येतात अन् कडेवर पोरगं घेऊन गार खातात. त्याईले एकदा तं गरम खाऊ दे." जमुनेनं पदर सारखा केला. "ती सावरली हाये. तुमीच मागं राहिले."

आपण अकरा वर्षं तिच्यासाठी उपाशी राहिलो, असं किसनराव धरून चालले होते. आणि तीन महिने तीच आपली आस जपायला गप्प राहिली होती. आज पाण्याचे पेले घेऊन आपल्या खुर्चीवरून पुढे गेली, तीही आपल्यासाठीच. त्या वेळी तिला काय वाटत असेल, हे त्यांना आता पहिल्यांदा जाणवलं. नेम कशासाठी होता, कोणासाठी होता, सगळा गुंता झाला. जमुना कधी उठून गेली ते त्यांना कळलं नाही.

ते परत फाटकात आले तेव्हा गर्दी ओसरली होती. झोळीतलं बाळ उठून आईच्या खांद्यावर निघून गेलं होतं. किशोर आणि मोनाली आकांक्षाला घेऊन नावेच्या तिकिटाच्या रांगेत उभे होते. भगवंत चुलीशी उकिडवा बसून राखेतले शेवटचे रोडगे शोधत होता. एका टेबलाशी जमुना एकटीच बसली होती आणि बडीशेप निवडल्यासारखं करत होती.

किसनराव नळाशी गेले. चप्पल काढली, पायांवर पाणी घेतलं, हात धुतले. मग ओंजळ धरली आणि पाणी प्यायले. दोन ओंजळी, तीन ओंजळी. तलावाचं नव्हे, बाटलीचं नव्हे, लेकीच्या घरच्या नळाचं पाणी. मग ते जमुनेसमोरच्या खुर्चीवर येऊन बसले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून म्हणाले,

"मंजू, मले वाढ."

भगवंतच्या हातातला चिमटा राखेतच राहिला. आत भांडी वाजत होती ती वाजायची थांबली. मंजुषा ओल्या हातांनी दारात आली. तिनं बापाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. जमुनेनं बडीशेपेतून मान वर केली नाही, आणि तेवढ्यावरून मंजुषाला सगळं कळलं.

"आई बोलली तुमाले," ती म्हणाली.

"हो."

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात ताट होतं. ताटात वाटी, भाजी, ठेचा, लिंबाची फोड, सगळं नीट मांडलेलं. ती टेबलापाशी आली आणि ताट हातात धरून उभी राहिली. खाली ठेवेना. किसनरावांनी टेबलावरचा पेला सरकवून जागा केली, तरी ठेवेना.

"बाबा, राहू द्या," ती म्हणाली. "नका जेवू."

"काहून?"

"मी आईले सांगतलं होतं, बाबाची आस मोडत नाई म्हणून. तसं नाई ते." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "आमी सोडलं. डॉक्टरनं सोडलं. सासूबाईनं विचारनं सोडलं. मले काही वाटत नाई आता, खरं सांगते. पन आज तुमी बाटली काढली तं वाटलं, एक जन तरी अजून वाट पाहून राहिला माह्या लेकराची. तुमी जेवले, का मंग कोणीच नाई."

किसनरावांना वाटलं, उठावं आणि गाडीत जाऊन बसावं. एवढंच जर हिला पाहिजे असेल, तर आणखी अकरा वर्षं उपाशी राहू, त्यात काय मोठंसं? त्यांनी जमुनेकडे पाहिलं. जमुना आता त्यांच्याकडेच बघत होती. किसनरावांनी समोर उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं. कानशिलाजवळ दोन-चार केस पांढरे झाले होते. कोपरावर चुलीचा चटका होता, जुना, काळा पडलेला. हे सगळं कधी झालं? दरवेळी येऊन ते तिच्या ओटीपोटाकडे बघत आले होते, आणि मग बाटली काढून बसत आले होते.

"वाट पाह्यची तितकी पाह्यली, पोरी," ते म्हणाले. "ज्याची पाह्यली तो आला नाई. अन् तू अकरा वर्सं समोर ताट घेऊन उभी होती. ठेव ते खाली."

मंजुषानं ताट खाली ठेवलं.

भगवंत फडक्यात रोडगा घेऊन आला. त्यानं तो मुठीनं फोडून ताटात ठेवला आणि त्यावर चमचे न मोजता तूप ओतलं. मंजुषानं वरण वाढलं. किसनरावांनी पहिला घास केला, कपाळाला लावला आणि तोंडात घातला. तिघंही त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते आणि तिघांनाही ते जमत नव्हतं.

किसनरावांनी घास नीट चावला. दुसरा घेतला. भाजीचा तुकडा घेतला. मग वरणाच्या वाटीत बोट बुडवून चाटलं आणि घरी रोज जमुनेला म्हणायचे त्याच सुरात म्हणाले,

"वरनात मीठ कमी हाये."

भगवंत गोरामोरा झाला. तेच वरण आज दुपारभर पन्नास माणसांनी खाल्लं होतं आणि जाताना सगळ्यांनी फार छान, फार छान म्हटलं होतं. जमुनेनं कपाळावर हात मारला. मंजुषा मात्र बापाकडे बघतच राहिली. मग ती हसली, मोठ्यानं, अगदी लग्नाआधी हसायची तशी, आणि हसता हसता तिचा चेहरा कसातरीच झाला.

"आनते," ती म्हणाली आणि आत वळली.

मीठ आणायला तिला फार वेळ लागला. डबा उघडल्याचा आवाज आला नाही. नळ मात्र वाहताना ऐकू येत होता. जमुना उठून आत जाऊ लागली, तसं किसनरावांनी मानेनंच तिला नको म्हटलं. मिठासाठी ते थांबले नाहीत. रोडगा वरणात कुस्करून तसंच अळणी जेवत राहिले.